गावात वायरलेस इन्सुलिन पंप वापरताना: सिग्नल कुठे तुटतो, का तुटतो आणि तेव्हा काय करायचं

पंप नवीन लागला की घरात पहिला प्रश्न येतो तो टॉवरचा. ‘शाळेमागे मोबाईलचा टॉवर आहे, पोराच्या पंपाला काही होणार तर नाही ना?’ टॉवरमुळे सहसा काही होत नाही. त्रास होतो तो खिशातल्या फोनमुळे, पाठीवरच्या फवारणी पंपामुळे, अंगाखाली दबलेल्या सेन्सरमुळे (कातडीवर चिकटवलेला, साखर सतत मोजणारा) आणि पंपात टाकलेल्या स्वस्तातल्या सेलमुळे.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. सिग्नल तुटला म्हणजे इन्सुलिन थांबलं असं नाही. बेसल, म्हणजे दिवसभर थोडं थोडं जाणारं इन्सुलिन, पंपातली मोटर आपल्याच प्रोग्रामवर देत असते, त्यासाठी तिला रेडिओ लागत नाही. आणि याची उलट बाजू जास्त धोक्याची आहे. स्क्रीनवर सिग्नल अगदी छान दिसत असतो आणि त्याच वेळी कातडीखालची कॅन्युला (इन्सुलिन आत नेणारी बारीक नळी) वाकलेली असते, थेंबभर इन्सुलिन आत जात नसतं. म्हणून सिग्नल आणि इन्सुलिन या दोन गोष्टी नेहमी वेगवेगळ्या तपासायच्या.

१. आपल्या पंपात कोणकोणते दुवे वायरलेस आहेत ते लिहून काढा

साधारण चार असतात: सेन्सर ते पंप, ग्लुकोमीटर ते पंप, पंप ते फोन आणि फोन ते इंटरनेट. प्रत्येक तुटला की वेगळं काहीतरी बंद पडतं.

सेन्सरचा दुवा गेला तर आकडे दिसत नाहीत, साखर खाली जाण्याआधी पंप आपोआप थांबण्याची सोय बंद होते, आणि ऑटो मोडवाला (सेन्सरचे आकडे पाहून इन्सुलिन आपोआप कमी-जास्त करणारा) पंप काही वेळाने मॅन्युअलवर येतो. मीटरचा दुवा गेला तर आकडा हाताने टाकावा लागतो, एवढंच. पंप ते फोन गेला तर फोनवर दिसत नाही, पण पंपाच्या स्क्रीनवर सगळं असतं. चौथा दुवा गेला तर यवतमाळला नोकरीला असलेल्या बाबांना गावातल्या मुलीची साखर दिसणार नाही, आणि तो दोष मोबाईल नेटवर्कचा आहे, पंपाचा नाही. गावात ‘पंपाचा सिग्नल जातो’ अशी तक्रार ऐकली की बऱ्याचदा हा चौथाच दुवा निघतो.

आताचे बहुतेक पंप २.४ गिगाहर्ट्झवर बोलतात, काही ब्लूटूथने, काही कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीने. वायफाय आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही याच फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यात आहेत. भारतात हा पट्टा विनापरवाना वापरता येतो, त्यामुळे तिथे गर्दी असणारच. तुमचा पंप कोणत्या पट्ट्यात आहे हे त्याच्या माहितीपुस्तिकेच्या शेवटी तांत्रिक पानांवर छापलेलं असतं.

इथे एक सापळा आहे. अमेरिकेतले नातेवाईक आपला जुना पंप पाठवतात. मेडट्रॉनिकचे जुने पॅराडाइम पंप अमेरिकेत ९१६.५ मेगाहर्ट्झवर आणि बाकी बऱ्याच देशांत ८६८.३५ मेगाहर्ट्झवर चालायचे. एका पट्ट्याचा मीटर दुसऱ्या पट्ट्याच्या पंपाशी जोडला जात नाही. शिवाय अशा पंपाला इथे सर्व्हिस नाही, वॉरंटी नाही. फुकट मिळाला तरी घेऊ नका.

२. ही पिशवी तयार ठेवा

पंप कितीही भारी असला तरी तो कधीतरी बंद पडणार, आणि तो बहुधा रविवारीच पडतो, तालुक्याचं मेडिकल बंद असताना. पिशवीत हे हवं:

- ग्लुकोमीटर, निदान २५ पट्ट्या आणि लॅन्सेट
- लघवीतले कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की अंगात साचणारे घातक पदार्थ) पाहायच्या पट्ट्या; डबी उघडल्याची तारीख वर लिहा
- दोन जादा इन्फ्युजन सेट (पंपापासून अंगापर्यंतची नळी आणि कॅन्युला) आणि दोन रिझर्व्हॉयर (पंपातली इन्सुलिन भरायची नळकांडी)
- पंपात वापरता तेच इन्सुलिन, आणि ते टोचायला पेन किंवा यू-१०० सिरिंज
- डॉक्टरांनी लिहून दिलेला ‘पंप बंद पडल्यास’ डोस; लांब चालणारं इन्सुलिन किती युनिट, कधी
- दोन नवे अल्कलाइन किंवा लिथियम पेन्सिल सेल (पंप सेलवर चालत असेल तर, चार्जिंगचा असेल तर भरलेली पॉवर बँक)
- ग्लुकोज पावडर किंवा साखर
- पंपाच्या सेटिंगचा कागद: तासानुसार बेसल, कार्बचं प्रमाण, करेक्शन फॅक्टर, टार्गेट, अ‍ॅक्टिव्ह इन्सुलिन टाइम
- पंप वापरत असल्याचं डॉक्टरांचं पत्र, पंपाचा मॉडेल आणि सिरियल नंबर, कंपनीचा हेल्पलाइन नंबर

सेटिंगचा कागद फोनमध्ये फोटो काढून ठेवला तरी छापील प्रत हवीच. पंप रिसेट झाला की हे आकडे पुन्हा भरावे लागू शकतात, आणि ते कुणालाही पाठ नसतात.

सिरिंजचं नीट वाचा. आपल्याकडच्या मेडिकलमध्ये ‘इन्सुलिनची सुई द्या’ म्हटलं की बहुतेक वेळा लाल टोपीची यू-४० सिरिंज हातात पडते, कारण ४० युनिटच्या बाटल्या इथे सर्रास खपतात. पंपातलं इन्सुलिन मात्र यू-१०० (मिलिलिटरला १०० युनिट) असतं. यू-४० सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत यू-१०० इन्सुलिन ओढलं तर प्रत्यक्षात २५ युनिट जातात. लहान मुलाला हे जिवावर बेतू शकतं. यू-१०० सिरिंजची टोपी केशरी असते, पण टोपीच्या रंगावर न जाता नळीवर छापलेलं वाचा. पिशवीत लाल टोपीची एकही सिरिंज ठेवू नका.

सेलचंही तसंच. किराणा दुकानात मिळणारा स्वस्त पेन्सिल सेल झिंक-कार्बनचा असतो. तो घड्याळाला, रिमोटला ठीक आहे. पंपाच्या पुस्तिकेत तो वापरू नका असं लिहिलेलं असतं, कारण मोटर फिरताना लागणारा करंट त्याला झेपत नाही. सेलच्या अंगावर ‘अल्कलाइन’ हा शब्द शोधा.

३. सेन्सर आणि पंप एकाच बाजूला

२.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी शोषून घेतं, आणि आपलं शरीर म्हणजे बहुतेक पाणीच. सेन्सर डाव्या दंडाच्या मागे आणि पंप उजव्या कमरेला असेल तर मध्ये अख्खं धड येतं. म्हणून दोन्ही शरीराच्या एकाच बाजूला ठेवा, आणि अंतर ६ फुटांच्या आत. अंघोळीला पंप काढून बाहेरच्या खोलीत ठेवला तर तेवढा वेळ आकडे येणार नाहीत, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पंप अंगाला लावलेला नाही हे मात्र विसरू नका. तासाभराच्या आत परत जोडा.

झोपताना कोणत्या कुशीवर झोपायची सवय आहे ते पाहून सेन्सरची जागा ठरवा. अंगाखाली दबलेला सेन्सर दोन गोष्टी करतो: सिग्नल तोडतो, आणि दाबामुळे तिथलं रक्ताभिसरण मंदावून साखर खोटी कमी दाखवतो. पहाटे ५५ दिसलं तर ती बोटावर तपासा. हात थरथरणं, घाम, गोंधळ अशी लक्षणं असतील तर मात्र तपासत बसू नका, आधी साखर द्या.

फवारणीच्या दिवसांत वेगळी काळजी लागते. पाठीवर १६ लिटरची टाकी म्हणजे पाण्याची भिंतच. सेन्सर दंडाच्या मागे आणि पंप पोटाजवळ असेल तर फवारणी होईपर्यंत सिग्नल येत-जात राहतो. टाकीचा पट्टा सेन्सरवरून गेला तर सेन्सर उपटून येतो. त्या आठवड्यात सेन्सर पोटावर लावता येतो का, हे आपल्या सेन्सरच्या परवानगीच्या जागा पाहून डॉक्टरांना विचारा. औषधाचे हात पंपाला, सेटला लावू नका. खरं तर साखर वरखाली होत असताना फवारणीला जाऊच नये.

कमरेवर पाण्याचा गुंड घेताना तो पंपाच्या विरुद्ध बाजूला घ्या. धातू लहर अडवतो, शिवाय गुंडाची कड पंपाच्या बटणांवर दाबली जाते. बटणांना लॉक लावून ठेवा.

४. पहिल्या आठवड्यात घराची आणि वावराची एक फेरी मारा

कागदावर घराचा साधा नकाशा काढा. प्रत्येक खोलीत १५ मिनिटं थांबा आणि पंपावर सेन्सरचं चिन्ह, फोनवर पंपाचं चिन्ह टिकतं का ते लिहा. जाड मातीच्या भिंती आणि टिनाचे पत्रे या दोन्हीत फोनचा दुवा लवकर सुटतो. मुलगा एका खोलीत आणि फोन आईपाशी दुसऱ्या खोलीत अशी सवय असेल तर तो फोन मुलाच्याच खोलीत ठेवा, आणि आईच्या फोनवर फॉलोअर म्हणून वेगळं अ‍ॅप घ्या.

उन्हाळ्यात कूलर हा खास आपल्याकडचा अडथळा. खिडकीतला लोखंडी कूलर खाट आणि फोन यांच्या मध्ये आला तर ब्लूटूथ अडतं, पण खरी अडचण आवाजाची आहे. कूलर चालू असताना पंपाची बीप ऐकू येत नाही. अलर्ट ‘आवाज आणि कंपन’ दोन्हीवर ठेवा, आवाज पूर्ण वाढवा, आणि कूलर चालू करून एकदा ऐकून पाहा. रात्रीच्या ओलिताला जाणाऱ्यांनीही हेच करायचं, कारण पाण्याच्या मोटर पंपाजवळ उभं राहिलं की काही ऐकू येत नाही.

फोनचा दुवा वारंवार तुटत असेल तर रेडिओला दोष देण्याआधी फोनची बॅटरी सेटिंग उघडा. बरेच अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवायला मागचे अ‍ॅप बंद करतात. पंपाच्या अ‍ॅपला बॅटरीचं बंधन काढा, लोकेशन आणि ब्लूटूथची परवानगी कायम ठेवा, आणि फोन नवीन अँड्रॉइडवर अपडेट करण्याआधी कंपनीच्या यादीत तो चालतो का ते पाहा.

५. कशापासून किती लांब राहायचं

वैद्यकीय उपकरणांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत गृहीत धरलेलं अंतर ३० सेंटिमीटर आहे. फोन, वॉकीटॉकी, राउटर असं काहीही रेडिओ सोडणारं उपकरण पंपापासून एवढं लांब ठेवायचं. म्हणजे एक शाळकरी पट्टी.

टॉवरचं भय फोलच का, ते इथे कळतं. लहरीची ताकद अंतराच्या वर्गाने घटते. २०० मीटरवरच्या टॉवरची ताकद तुमच्यापर्यंत येईस्तोवर पार विरते. उलट गावात नेटवर्क कमकुवत असेल तर हातातला फोन टॉवर गाठायला स्वतःची ताकद वाढवतो. २जी वर बोलताना ९०० मेगाहर्ट्झला फोन क्षणभर २ वॉटपर्यंत जातो. ब्लूटूथ पंपाची ताकद काही मिलिवॉट असते. म्हणून फोन आणि पंप एकाच पाऊचमध्ये नको. हॉटस्पॉट लावत असाल तर तो ५ गिगाहर्ट्झवर टाका, राउटरचंही तसंच करा.

आता शेतातल्या वस्तू. वावरावरून गेलेली हाय टेन्शन लाइन आणि धुऱ्यावरची डीपी ५० हर्ट्झवर आहेत, २.४ गिगाहर्ट्झला त्यांचा उपद्रव नाही. लाइनखालून जायला हरकत नाही. डीपीला मात्र कुणीच चिकटून उभं राहू नये. रोही-डुकरांसाठी लावलेलं झटका मशीन साधारण सेकंदाला एक हजारो व्होल्टचा झटका तारेत सोडतं. तारेला गवत लागलं की ठिणग्या उडतात आणि जुन्या रेडिओवर टकटक ऐकू येते, पण तो आवाज खालच्या फ्रिक्वेन्सीचा आहे, सेन्सरच्या पट्ट्यात फारसा पोचत नाही. धोका तारेला हात लागण्याचा आहे. झटका अंगातून गेला तर पंप रिसेट होऊ शकतो. बसलाच, तर पंपावरची वेळ, तारीख, बेसल आणि उरलेलं इन्सुलिन लगेच तपासा. थेट वीज सोडलेल्या कुंपणाबद्दल इथे लिहायचं कारण नाही. ते बेकायदेशीर आहे आणि माणसं मारतं.

चुंबक हा निराळा विषय आहे. पंपाच्या मोटरला तीव्र चुंबकीय क्षेत्र चालत नाही. चुंबकाच्या बटणाचं पाऊच किंवा फोनचं कव्हर पंपाला लागू देऊ नका. लग्नात डीजेच्या स्पीकरला टेकून उभं राहू नका, त्यात मोठे चुंबक असतात. इंडक्शन शेगडीवर स्वयंपाक करताना कमरेचा पंप ओट्याच्या कडेला येतो, तो मागे सरकवा. वेल्डिंगच्या दुकानात केबल अंगाजवळून जाऊ देऊ नका.

थंडीत हवा कोरडी असते. लोकरीचं स्वेटर काढताना जी चटचट होते ती स्थिर वीज. पंप ती साधारण सोसतो, पण रिझर्व्हॉयर बदलण्याआधी एखाद्या लोखंडी नळाला हात लावून घ्या.

६. सिग्नल गेला तर, या क्रमाने

1. आधी माणसाकडे पाहा, मग स्क्रीनकडे. घाम, थरथर, गुंगी असेल तर ग्लुकोज.
2. बोटावर साखर तपासा. ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे साधारण तीन चहाचे चमचे, पाण्यात. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.
3. पंप चालू आहे ना, ‘सस्पेंड’ तर नाही ना, हे पाहा.
4. पंप सेन्सरच्या बाजूला आणा, फोन-राउटरपासून लांब व्हा, आणि १५ मिनिटं थांबा. मेडट्रॉनिकचा मिनीमेड पंप स्क्रीनवरच सांगतो की सिग्नल सापडायला १५ मिनिटं लागू शकतात. पाचव्या मिनिटाला सेन्सर उपटून टाकणारे बरेच आहेत, आणि एक सेन्सर म्हणजे काही हजार रुपये.
5. तरीही नाही आला तर ट्रान्समीटर (सेन्सरचे आकडे पंपाला पाठवणारा भाग) सेन्सरवर घट्ट बसलाय का, चिकटपट्टी घामाने सुटली का ते पाहा.
6. सेन्सर नसेपर्यंत बोटावर तपासणं सुरू ठेवा: जेवणाआधी, झोपताना, रात्री ३ वाजता, आणि वाटलं तेव्हा.

साखर २५० च्या वर असेल तर सिग्नलचं सोडा. करेक्शन (साखर उतरवायचा जादा डोस) द्या, तासाभराने पुन्हा पाहा. दुसऱ्यांदाही २५० च्या वर निघाली तर इन्सुलिन अंगात जात नाहीये असं धरून चाला. करेक्शन पेनने किंवा यू-१०० सिरिंजने द्या, पंपातून नको. मग पूर्ण सेट, रिझर्व्हॉयर आणि जागा बदला. कीटोन तपासा. पंपात लांब चालणारं इन्सुलिन नसतं, त्यामुळे पुरवठा तुटला की काही तासांतच कीटोन चढू लागतात. उलट्या, पोटदुखी, खोल श्वास सुरू झाले तर घरी प्रयोग न करता जिल्ह्याचा दवाखाना गाठा आणि ‘टाइप १ आहे, पंपावर आहे’ हे दारातच सांगा.

मे महिन्यात सेट ठीक असूनही साखर वर राहिली तर इन्सुलिन उष्णतेने गेलं असण्याची शक्यता धरा. चंद्रपूर-अकोल्याला पारा ४५ च्या पुढे जातो. पंपातल्या इन्सुलिनला ३७ च्या वरचं तापमान मानवत नाही. पंप कपड्याच्या आत ठेवा, नळी उन्हात लोंबू देऊ नका, उन्हाळ्यात रिझर्व्हॉयर कमी भरून दोन दिवसांत बदला.

७. दुरून दिलेला बोलस: इथे सर्वात जास्त चुका होतात

मीटर, रिमोट किंवा कंट्रोलरवरून बोलस (जेवणासाठी किंवा चढलेल्या साखरेसाठी एकदम द्यायचा डोस) दिला आणि मध्येच दुवा तुटला. गेला की नाही कळत नाही, म्हणून माणूस दुसऱ्यांदा देतो. पहिला खरं तर गेलेला असतो. दोन तासांनी साखर ४० वर.

नियम एकच: दुवा तुटला की पंपाची हिस्टरी उघडा. शेवटचा बोलस किती वाजता, किती युनिट, ‘अ‍ॅक्टिव्ह इन्सुलिन’ (आधीच्या डोसातलं, अजून अंगात काम करत असलेलं) किती, ते वाचा. मगच ठरवा. ट्यूब नसलेला पॅच पंप असेल आणि कंट्रोलरशिवाय हिस्टरी दिसत नसेल, तर कंट्रोलर जवळ आणून दुवा पुन्हा जुळेपर्यंत दुसरा बोलस देऊ नका.

अनोळखी माणूस आपल्या पंपात शिरू शकतो का, हा प्रश्नही याच सोयीशी जोडलेला आहे. अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०१९ मध्ये मिनीमेड ५०८ आणि पॅराडाइम पंपांबद्दल, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये मिनीमेड ६०० मालिकेबद्दल तसा इशारा दिला होता. दुसऱ्या इशाऱ्यातला सल्ला साधा होता: ‘रिमोट बोलस’ वापरत नसाल तर तो बंद ठेवा, आणि मीटर-ट्रान्समीटर पंपाला जोडण्याचं काम चारचौघांत करू नका. म्हणजे बसस्टँडवर नाही, घरी. पंपाचा सिरियल नंबर दिसेल असा फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका.

८. दवाखाना आणि प्रवास

एमआरआयच्या खोलीत पंप, सेन्सर, ट्रान्समीटर यातलं काहीही जाता कामा नये. नागपूर, सेवाग्राम, अमरावती, कुठेही तपासणीची तारीख मिळाली की ती सेन्सर बदलायच्या दिवशीच जुळवून घ्या, म्हणजे चालता सेन्सर वाया जात नाही. इन्फ्युजन सेटची सुई धातूची असेल तर तीही काढायची. सीटी स्कॅन आणि एक्स-रेलाही पंप काढून बाहेर ठेवा. सेन्सरचं त्याच्या पुस्तिकेत पाहा. फिजिओथेरपीत शेक देणारं शॉर्टवेव्ह डायथर्मी यंत्र २७.१२ मेगाहर्ट्झवर जोरदार ऊर्जा सोडतं. त्याआधीही पंप आणि सेन्सर उतरवा. तंत्रज्ञाला स्वतःहून सांगा, तो विचारेलच असं नाही.

वर्धा किंवा बडनेरा स्टेशनवरच्या मेटल डिटेक्टरच्या चौकटीतून पंप लावून जाता येतं. नागपूर विमानतळावर पंप सामानाच्या एक्स-रे पट्ट्यावर टाकू नका, डॉक्टरांचं पत्र दाखवा आणि हाताने तपासणी मागा. विमानात फोन एअरप्लेन मोडवर टाकल्यावर ब्लूटूथ पुन्हा चालू करायला विसरू नका.

९. पुन्हा पुन्हा होत असेल तर नोंद आणि तक्रार

वहीत चार रकाने आखा: वेळ, जागा, जवळ काय चालू होतं, पंपावर नेमका कोणता संदेश आला. आठवडाभरात कारण बहुतेक दिसतं. एकाच खोलीत, किंवा एकाच कुशीवर.

कंपनीला फोन करताना संदेशाचे नेमके शब्द किंवा कोड सांगा, ‘एरर येते’ एवढ्यावर काम होत नाही. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. बिघडलेला सेन्सर, सेट किंवा रिझर्व्हॉयर फेकू नका, बदली देताना कंपनी तो आणि त्याचा लॉट नंबर मागते. पंपामुळे रुग्णाला इजा झाली किंवा होता होता राहिली, तर ती नोंद गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे मटेरिओव्हिजिलन्स (वैद्यकीय उपकरणांमुळे झालेल्या त्रासाची नोंद ठेवणाऱ्या) कार्यक्रमातही करता येते, टोल-फ्री १८००-१८०-३०२४. त्यासाठी डॉक्टरच असावं लागत नाही, रुग्ण किंवा नातेवाईकही कळवू शकतात. पंपाचा मॉडेल, सिरियल नंबर आणि वहीचं ते पान हाताशी ठेवा.